हिर्डोशीतला शब्बाथ

भोरच्या स्टँडवर पार्सलची खिडकी उघडायची वाट बघत मधुवंती उभी होती. पुण्याहून पेटीच्या पितळी सुरांचा, म्हणजे आवाज काढणाऱ्या पात्यांचा, डबा यायचा होता. गणपती उठून दोनच दिवस झाले होते आणि दहा दिवस बडवून घेतलेल्या तालुक्यातल्या निम्म्या पेट्या उकिडव्यांच्या दुकानात आजाऱ्यासारख्या येऊन पडल्या होत्या. कुणाचा भाता फाटलेला, कुणाच्या पट्ट्या अडकलेल्या. वेल्ह्याच्या भजनी मंडळाच्या पेटीत तर मोदकाचं सारण सापडलं होतं.

स्वारगेटची गाडी आली. ऊन होतं आणि भुरभूर पाऊसही होता. उतारूंच्या गर्दीतून एक उंच तरुण पाठमोरा, पायरी चाचपत उतरला. त्याच्या हातात चादरीत बांधलेलं काहीतरी होतं, आणि त्याला दाराचा धक्का लागू नये म्हणून तो स्वतः सगळ्यांचे धक्के खात होता.

चादरीत काय आहे हे मधुवंतीला विचारावं लागलं नाही. पेटी चादरीत असो नाहीतर पोत्यात, तिला कळायची. तिला नवल वाटलं ते त्याच्या धरण्याचं. लोक पेटी बोचक्यासारखी खांद्यावर टाकतात. यानं ती छातीशी धरली होती.

तो इकडेतिकडे बघत नेमका तिच्याचपाशी आला. "उकिडवे पेटीवाले कुठं राहतात, सांगाल का?"

"सांगीन की. आधी पेटी बघू."

त्यानं गोंधळून चादरीचं एक टोक बाजूला केलं. जुनं सागवान, काळवंडलेलं. समोरच्या फळीवर हस्तिदंती अक्षरं बसवलेली. खालची ओळ मराठीत होती, 'मंडळीच्या भक्तीसाठी'. वरची ओळ चौकोनी, ठसठशीत अक्षरांची, तिनं कधीच न पाहिलेली.

"ही लिपी कुठली?"

"हिब्रू. उजवीकडून वाचायची."

"आणि लिहिलंय काय?"

त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "खरं सांगू... मला अजून नीट वाचता येत नाही. विचारून सांगतो."

"पेटी तुमचीच ना?"

"आमच्या मंडळीची. मी नुसता हमाल."

"हमालाचं नाव?"

"एझ्रा. एझ्रा वाकरूळकर."

मधुवंतीनं त्याच्याकडे नीट पाहिलं. "नाव एझ्रा, आणि आडनाव वाकरूळकर?"

"दोन्ही माझीच आहेत," तो हसून म्हणाला. "एक पोथीतून आलं, एक पेण तालुक्यातून."

ती हसली. कधी नव्हे ते पार्सलवाल्याला विसरून हसली. "चला," ती म्हणाली, "उकिडव्यांची मीच."

*

दुकान राजवाड्यामागच्या गल्लीत होतं. नारायणराव उकिडवे, मधुवंतीचे अण्णा, भात्याला कातडी चिकटवत बसले होते. पंचेचाळीस वर्षं त्यांनी पेट्या दुरुस्त केल्या. गेल्या दोन वर्षांत त्यांना वरच्या सप्तकातले सूर ऐकू येईनासे झाले होते. त्याबद्दल घरात कुणी बोललं नव्हतं. लाकूड आणि कातडं अण्णा बघायचे, सूर मधुवंती लावायची, इतकीच वाटणी आपोआप होऊन गेली होती.

पेटी उघडली. भाता उंदरांनी खाल्लेला, सुरांवर हिरवा गंज.

"किती वर्षं बंद होती?" अण्णांनी विचारलं.

"पंचवीस तरी. माळ्यावर होती."

"का बरं?"

"ती वाजवायची की नाही, यावरून भांडण झालं होतं."

मग स्टुलावर बसून, चहा निववत, त्यानं सांगितलं. ते बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले यहुदी. पूर्वज फार पूर्वी जहाज फुटून किनाऱ्याला लागले असं सांगतात. तेलाचे घाणे चालवायचे, आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे. म्हणून गावोगाव लोक त्यांना शनवार तेली म्हणायचे. शनिवार म्हणजे शब्बाथ, विश्रांतीचा दिवस. तो शुक्रवारच्या सूर्यास्ताला सुरू होतो. पणजोबांच्या काळात त्यांच्यातल्या काही लोकांनी एक चळवळ सुरू केली. बायका-पुरुषांनी एकत्र बसायचं, बायकांनीही पोथी वाचायची, प्रार्थना मराठीतही म्हणायची. पुण्यात, ठाण्यात, अलिबागकडे मंडळ्या उभ्या राहिल्या. मग लोक परदेशी गेले. उरलेल्यांत शब्बाथला पेटी वाजवण्यावरून वाद झाला. वाजवणं हे काम की भक्ती? ठाण्याचे नको म्हणाले, अलिबागचे हवीच म्हणाले, पुण्याच्यांनी पेटी माळ्यावर टाकली. तेव्हापासून तिघांची तोंडं तीन दिशांना.

"आता कुणाकडेच दहा माणसं जमत नाहीत," एझ्रा म्हणाला. "आमच्याकडे सामुदायिक प्रार्थनेला दहा जण लागतात. म्हणून तिन्ही मंडळ्या मिळून पुन्हा सुरुवात करायची ठरलंय. पुढच्या महिन्यात, भाटघरच्या पाण्याकाठी दोन दिवस राहायचं."

"इथंच का?" मधुवंतीनं विचारलं.

"इथं कुणाचंच घर नाही. कुणाच्या घरी गेलं की तो यजमान आणि बाकीचे पाहुणे होतात. मग रुसवेफुगवे."

"आणि वाजवणार कोण?"

"वाजवणारे सगळे गेले. मी सगळ्यांत तरुण, म्हणून माझ्या गळ्यात पडलंय." त्यानं आपली लांब बोटं पुढे धरली. "यांना शिकवता येईल का काही?"

अण्णांनी बोटांकडे पाहिलं, मग मुलीकडे. "रविवारी येत जा," ते म्हणाले.

*

तो चार रविवार आला.

पुण्यात तो एका कंपनीत नकाशे काढायचा. जमिनीचे, पाइपांचे. पेटीच्या पट्ट्यांकडेही तो नकाशासारखा बघायचा, आणि त्यामुळे हमखास चुकायचा.

"बघू नका. ऐका," मधुवंती म्हणायची.

"ऐकतोय... पण बोटांना ऐकू येत नाही."

शिकवणी कमी आणि चौकशी जास्त, असंच होऊ लागलं. मधुवंतीला लहानपणापासून प्रश्नांची खोड. तिचे प्रश्न तो खिशातल्या तिकिटाच्या पाठीवर बारीक अक्षरात लिहून घ्यायचा. तुमच्या देवाला मराठी समजतं का? देवळात मूर्ती नाही, मग बघता कुठं? मेलेल्यांसाठी दिवा लावता का? आणि पुढच्या रविवारी तो उत्तरं घेऊन यायचा. कधी पुण्याच्या मंडळीतल्या म्हाताऱ्यांना विचारून, कधी अलिबागच्या रिबकामावशींना फोन करून. मावशी अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. जुन्या मराठी पदांच्या चाली आता त्यांनाच येत होत्या.

"दहाच का, याचं उत्तर मिळालं," तो एकदा दारातूनच म्हणाला. "मावशी म्हणाल्या, नऊ पंडित जमले तरी भागत नाही, पण दहा तेली जमले की भागतं."

मधुवंती कानशीनं एक सूर घासत होती. टोकाशी घासला की सूर चढतो, मुळाशी घासला की उतरतो. हात तसाच ठेवून ती म्हणाली, "म्हणजे हुशारीचा उपयोग नाही. हजर असणं महत्त्वाचं."

त्यानं हे वाक्यसुद्धा तिकिटावर लिहून घेतलं. ती लाजली, आणि सूर जरा जास्तच चढला.

फळीवरच्या ओळीचा अर्थही त्यानं आणला. 'माझे ओठ उघड, म्हणजे माझं मुख स्तुती करील.' विचारून नाही, स्वतः वाचून. अक्षर अक्षर लावत, बोट उजवीकडून डावीकडे नेत त्यानं ती ओळ तिला वाचून दाखवली.

नव्याचा सण, म्हणजे त्यांचं नवीन वर्ष, झालं तेव्हा तो आईनं केलेला गव्हाच्या चिकाचा हलवा घेऊन आला. नारळाच्या दुधातला, गुलाबी, वर बदामाचे काप. अण्णांनी दोनदा घेतला.

तिसऱ्या रविवारी ती त्याच्या हातावर हात ठेवून बोटं बसवत होती. बाहेर पागोळ्या गळत होत्या. त्याचा अंगठा पुन्हा चुकला.

"अरे, तू दरवेळी इथंच अडखळतोस."

पेटीचा भाता थांबला. "काय म्हणालीस?"

"अंगठा अडखळतो म्हणाले."

"नाही... त्याच्या आधी."

मधुवंतीनं हात काढून घेतला. "म्हटलं, अरे," ती पट्ट्यांकडे बघत म्हणाली. "आणि तूही आत्ता 'म्हणालीस' म्हणालास. फिटलं."

आत अण्णा खोकले. त्यांना वरचे सूर ऐकू येत नसले तरी खालचे येत होते.

*

ठरल्या शुक्रवारी परतीच्या पावसानं थैमान घातलं. मधुवंती पेटी पोहोचवायला धनाजीच्या टेम्पोनं भाटघरला गेली, तेव्हा पुण्याचे पाच आणि ठाण्याचे चार जण येऊन पोहोचले होते. पाण्याकाठच्या अंगणात एझ्रानं बांबूचा मांडव घातला होता. त्या आठवड्यात त्यांचा सुक्कोत होता, मांडवाचा सण. पीक हाती आल्यावर आठवडाभर मांडवात बसून जेवायचं.

"छपरातून चांदण्या दिसल्या पाहिजेत," तो म्हणाला. "आणि मांडवात पाहुणा हवा. पाहुण्याशिवाय मांडव नाही."

ती काही विचारणार तोच त्याचा फोन वाजला. अडीच वाजले होते. अलिबागचे सात जण वरंधा घाट चढून आले होते, पण हिर्डोशीच्या पुढं रस्त्यावर दरड कोसळली होती. गाडी अडकली. माणसं दरडीवरून चालत येत-जात होती, पण रिबकामावशींच्या गुडघ्यांना ते जमण्यासारखं नव्हतं. एका शेतकरणीनं सगळ्यांना घरात घेतलं होतं.

मग ठाण्याचे शमुवेलकाका बोलले. निवृत्त इंजिनिअर, ताठ, पांढऱ्या मिशा. पंचवीस वर्षांपूर्वी पेटीला नको म्हणणारे हेच.

"सव्वासहाला सूर्यास्त. शुक्रवारी दुपारनंतर मी प्रवास करत नाही. माझे वडीलही करत नसत. ते तिथं करतील, आपण इथं करू. उद्या संध्याकाळी रस्ता होईल, तेव्हा भेटू."

एझ्रा खांबाला टेकून उभा होता. चार रविवारांत मधुवंतीनं त्याचा चेहरा इतका उतरलेला पाहिला नव्हता. आणि मग तिची खोड आडवी आली.

"एक विचारू का?" ती म्हणाली. "इथं तुम्ही किती?"

"नऊ," शमुवेलकाका म्हणाले.

"आणि तिकडे सात. म्हणजे आज दोन्हीकडे प्रार्थना होणार नाही?"

"प्रार्थना होते. सामुदायिक होत नाही."

"मग तिन्ही मंडळ्या जमल्या कशाला?"

तिनं भोचकपणानं विचारलं नव्हतं. तिला खरोखरच जाणून घ्यायचं होतं. शमुवेलकाकांनी शब्बाथला जवळ नको म्हणून खिशातून पाकीट, घड्याळ, किल्ल्या काढून पिशवीत टाकल्या आणि टेम्पोवाल्याला विचारलं, "धनाजी, हिर्डोशीला तासाभरात पोचवशील?"

"दरडीपर्यंत पोचवतो, काका. पुढं पाय."

*

दरडीचा चिखल गुडघाभर होता. टेम्पो तिथंच सोडून सगळे चालत निघाले. पेटी ताडपत्रीत गुंडाळून एझ्रानं पुढून धरली, मधुवंतीनं मागून. मध्येच त्याचा पाय सरकला, हात दगडावर आपटला, पण पेटी त्यानं सोडली नाही. शमुवेलकाका काठी टेकत पुढं चालले होते आणि एकदाही मागं वळून बघत नव्हते.

घर अंबूबाईंचं होतं. साठीच्या, काटक, नऊवारीचा काष्टा घातलेल्या अंबूबाई पडवीत उभ्या होत्या. "या, या. पाय धुवा आदी. लई भिजलाय," त्या म्हणाल्या. "आमी म्हनलं, येतात का न्हाई."

आत रिबकामावशी खाटेवर बसल्या होत्या. शमुवेलकाकांना बघून त्यांनी डोळ्यांना पदर लावला. पंचवीस वर्षांनी दोघं समोरासमोर येत होते. काका फक्त म्हणाले, "गुडघे कसे आहेत, रिबका?"

"तुझ्या हट्टापेक्षा बरे," मावशी म्हणाल्या.

पाऊस थांबला होता. अंगणात घोसाळ्याच्या वेलाचा मांडव होता, पण शमुवेलकाकांनी मान हलवली. मांडव जमिनीत रुजलेल्या वेलाचा चालत नाही, तोडलेल्या फांद्यांचा, पेंढ्याचा हवा.

"पेंढा हाय की," अंबूबाई म्हणाल्या. "तिकडं खाचराकडंला राखनीची खोप हाय. तिच्यावर टाकू. पर येक सांगा, तुमचा देव कुठल्या गावचा?"

"देव एकच, बाई," मावशी म्हणाल्या. "गावं पुष्कळ झाली."

पिकलेल्या भाताच्या कडेला ती खोप होती. अर्ध्या तासात तिच्यावर पेंढा पडला, खाली घोंगड्या अंथरल्या. ओल्या भाताचा गोड वास सगळीकडे भरून होता. सोळा जण दाटीवाटीनं बसले. मधोमध पेटी ठेवली. सूर्य अजून डोंगरावर होता.

आणि एझ्रानं हात पुढं केला तेव्हा सगळ्यांना दिसलं. दोन बोटं सुजून निळी पडली होती.

"मी नाही वाजवू शकणार," तो हळूच म्हणाला.

शमुवेलकाकांनी घसा खाकरला. "त्यात एक सोय आहे. ही मुलगी वाजवू दे. तिला शब्बाथ नाही. म्हणजे नियमही मोडत नाही."

बाकीच्यांचे चेहरे खुलले. मधुवंतीला मात्र काहीतरी टोचलं. महिनाभर तिनं या पेटीचा एकेक सूर कानाशी धरून लावला होता.

"काका," ती म्हणाली, "पाहुणी म्हणून वाजवीन. पळवाट म्हणून नको."

रिबकामावशींनी पदराखाली हसू दाबलं. शमुवेलकाकांनी पश्चिमेकडे पाहिलं. डोंगरामागं सूर्याची नुसती कडा उरायला अजून थोडा वेळ होता.

"मेणबत्त्या लावल्या की शब्बाथ सुरू," ते सावकाश म्हणाले. "त्याच्या आधीचा वेळ कुणाच्याच नियमात नाही. तोवर वाजव. पाहुणी म्हणून. त्यानंतर नुसते गळे."

मधुवंतीनं भाता उघडला. मावशींनी सूर धरला, त्यांच्या मागून एकेक आवाज आला. मराठी पद, साकीच्या चालीवर, त्यात अधूनमधून हिब्रू शब्द. पहिल्या कडव्याला सगळे चाचपडत होते. तिसऱ्या कडव्याला ठाण्याच्यांनाही आठवू लागलं. लहानपणी कानावर पडलेलं, पुसलं न गेलेलं. शमुवेलकाकांचे ओठ हलत होते. मग आवाजही निघाला, खर्जातला, खरखरीत.

मावशींनी डोळ्यांनी खूण केली. मधुवंतीनं भाता मिटला. दोन मेणबत्त्या लागल्या. पेटी थांबली तरी पद थांबलं नाही, आणि सोळा आवाज त्याच सुरावर पुढं चालत राहिले. मधुवंती मिटल्या पेटीवर हात ठेवून ऐकत होती. समोरून एझ्रा तिच्याकडे बघत होता. तिनं एकदा नजर दिली आणि मग दुसरीकडे वळवणं तिला जमलंच नाही.

*

रात्री मुक्काम अंबूबाईंकडेच पडला. सकाळी पडवीत रिबकामावशींनी तिला जवळ बोलावलं.

"गुणी आहेस, म्हणून बोलते. राग मानू नकोस. आमच्या तिन्ही मंडळ्यांत मिळून पस्तिशीच्या आतली सहा पोरं उरलीत. एझ्रा त्यातला एक. काल दहा जमवायला डोंगर ओलांडावा लागला. पोरं बाहेर लग्न करतात. मग आधी सण चुकतात, मग शनिवार चुकतात. मी दोष देत नाही गं कुणाला. मोजते फक्त."

आपल्या मनातलं नाव आपल्या आधी दुसऱ्याच कुणी घ्यावं, आणि तेही असं. मधुवंती मान हलवून उठली आणि रस्त्यानं चालत सुटली.

दरडीपाशी जेसीबी आला होता. लोक बघत उभे होते. थोड्या वेळानं एझ्रा मागून आला.

"न सांगता आलीस?"

"तुम्ही कशाला आलात?"

"पुन्हा तुम्ही?" तो थबकला. "काय झालं?"

तिनं मावशींचं बोलणं सांगितलं. शब्द न वगळता, कडवटपणा न घालता. "आणि त्या खोटं बोलत नाहीत," ती शेवटी म्हणाली. "मला कुणाच्या दहाचे नऊ करायचे नाहीत."

एझ्रा अडखळत बोलला.

"महिन्यापूर्वी... मला त्या पेटीवरची ओळ वाचता येत नव्हती. वर्षातून दोनदा मंडळीत जायचो, तेही आईसाठी. तू विचारत गेलीस. तुला उत्तर द्यायचं म्हणून मी विचारत गेलो, वाचत गेलो. मी बाहेरच चाललो होतो, मधुवंती. तुझ्यामुळे आत आलो. हे मावशींना कसं मोजायला सांगू?"

"ते मावशींचं झालं." तिचा आवाज बारीक झाला. "मला काय सांगायचंय?"

"तू मला आवडतेस. म्हणजे..." त्यानं सुजलेला हात केसांतून फिरवला. "रविवारी गाडी कापूरहोळला भोरकडे वळली की मी उठून दाराशी उभा राहतो. परत जाताना त्याच फाट्यावर मागं बघत राहतो. जन्मभर असंच झालं तरी चालेल. तुला?"

जेसीबीनं एक मोठा दगड बाजूला ढकलला. मधुवंतीनं तो घरंगळत थांबेपर्यंत पाहिलं.

"मला रविवारी सकाळपासून रस्त्यावरच्या प्रत्येक गाडीचा आवाज ऐकू येतो," ती म्हणाली. "बाकी काही ऐकू येत नाही. ...पण मी धर्म बदलीन, असं आज म्हणणार नाही. बदलणार नाही, असंही नाही म्हणत. मला ठाऊकच नाही. मुलाबाळांचं काय, तेही ठाऊक नाही. एकच विचारते. तुमच्यात मोजत नसलेल्या माणसाला बसता येतं?"

"येतं."

"मग मी बसेन. तू एकही शनिवार चुकवायचा नाहीस. माझ्यामुळे तर नाहीच."

त्यानं तिचा हात धरला. दोघांच्या हातांना चिखल लागला होता.

दुपारी खोपीत तिन्ही मंडळ्यांची बैठक झाली. दर तीन महिन्यांनी जमायचं, आधी अलिबाग, मग ठाणे, मग पुणे. मराठी पदं पुन्हा लिहून काढायची. मेणबत्त्यांआधी पेटी, नंतर गळे. शेवटी एझ्रा उठला आणि सगळ्यांसमोर त्यानं मधुवंतीबद्दल सांगितलं. मावशी पदराशी चाळा करत होत्या.

"बाहेर लग्न केलेल्यांचं काय, हा विषय पुढच्या बैठकीत घेऊ," शमुवेलकाका म्हणाले. "टाळायचा नाही. घ्यायचा." मग खाली बघून, "माझी मुलगी नाशिकला असते. सहा वर्षं मी तिला सणाला बोलावलं नाही. अलिबागला बोलवीन म्हणतो. कुणाची हरकत आहे?"

"माझी कशाला असेल?" मावशी म्हणाल्या. त्यांनी मधुवंतीकडे पाहिलं. "एवढं करतोयस, शमुवेल, तर हिलाही बोलाव. माझ्या पदांना सूर कोण देणार?"

*

रविवारी सकाळी मधुवंतीनं अण्णांना सगळं सांगितलं. ते भात्याला सरेस लावत होते. हात थांबला नाही, पण वेग मंदावला.

"खातात काय?" त्यांनी विचारलं.

"मासे. मटण. मटणाबरोबर दूध मात्र चालत नाही."

"म्हणजे नियमाचे लोक आहेत." त्यांनी सरेसाचं भांडं जवळ ओढलं. "गल्लीत लोक बोलतील."

"बोलतील."

"तुझी आई असती तर रडली असती. आणि मग त्या हलव्याची कृती विचारली असती." त्यांनी कातडीची कड अंगठ्यानं घट्ट दाबून धरली, सरेस धरेपर्यंत. "मला भीती वाटते गं. त्यांच्यात तू एकटी पडशील."

"मलाही वाटते, अण्णा. पण जाऊन बघावंसं वाटतंय."

अण्णांनी मान वर केली. मुलीच्या चेहऱ्याकडे ते असे बघत राहिले, जसे नव्यानं आलेल्या पेटीकडे बघायचे. आधी बाहेरून, मग आत.

"त्याला फोन कर," ते म्हणाले. "म्हणावं, पुढच्या रविवारी पेटी, शिकवणी काही नको. आईला घेऊन ये, जेवायलाच या."

मधुवंतीनं फोन उचलला. पलीकडे घंटा एकदाच वाजली, तोच त्यानं उचलला.